बोर्सालचा सहावा वाटा

माझ्या भावाची बायको मार्सली हिच्याशी माझं कधी धड पटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल काही चांगलं बोलले तर ते नणंदेच्या तोंडून आलंय हे ध्यानात राहील. ती हट्टी होती. बोलायची कमी, आणि बोलली की समोरच्याची बोलती बंद. आमच्या आईला ही सून पहिल्या दिवसापासून आवडली. मला ती आवडली नाही, त्याचं निम्मं कारण हेच असावं.

आमचं गाव स्टोकल. ग्लासगो-एडिंबरोपासून दूर, समुद्रातल्या आमच्या बेटाच्या पूर्व अंगाला, नुसता खडक. आजोबांच्या वेळी सगळी माणसं पश्चिमेला बोर्सालमध्ये राहायची. तिथे सपाट, वाळूमिश्रित जमीन, उन्हाळ्यात फुलांनी भरलेलं गवत, आणि बटाटा म्हणाल तर मुठीत मावणार नाही एवढा. मग बेटाचा मालक असलेल्या लॉर्डला तिथे मेंढ्या हव्याशा झाल्या. माणसं उठवली आणि खडकावर आणून टाकली. त्या खडकाच्या खाचाखोचांत आमच्या आज्यांनी पाठीवरच्या टोपल्यांतून माती आणि समुद्रशेवाळ वाहून आणून वाफे केले. एकेक वाफा जेवणाच्या टेबलाएवढा. त्यात बटाटे पिकवायचे आणि त्यावर वर्ष काढायचं. खडकात कबर खणता येत नाही, म्हणून मेलेल्या माणसाला मात्र डोंगर ओलांडून बोर्सालच्या दफनभूमीत न्यायची लॉर्डची परवानगी होती. जिवंतपणी खडक आणि मेल्यावर माती. कुणाच्या मातीला गेलं की माणसं डोंगरमाथ्यावर शवपेटी टेकवून थांबायची. म्हणायची की दम घेतोय. खरं म्हणजे खालचं हिरवं गवत बघायची.

१९१४ची मोठी लढाई सुरू झाली त्या शरद ऋतूत शाळेत सभा भरली. लॉर्डचा कारभारी होता, पाद्रीबुवा होते, आणि मुख्य भूमीवरून आलेले छातीवर पदकं लावलेले एक साहेब होते. साहेब इंग्रजीत बोलत होते आणि पाद्रीबुवा आमच्या गेलिक भाषेत सांगत होते. राजासाठी लढायला जाईल त्याला परत आल्यावर जमीन मिळेल, असं ते म्हणाले. हे वाक्य पाद्रीबुवांनी दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना चर्चमधला आवाज काढला. माझा भाऊ रुआरी पुढच्या बाकावर होता. आम्ही बायका मागे भिंतीला टेकून उभ्या.

घरी येताना वाटेत मार्सली म्हणाली, “कागद कुठाय?”

“कसला कागद?”

“जमीन देणार म्हणाले त्याचा.”

रुआरी हसला. “अगं, पाद्रीबुवांनी सांगितलं ना! देवाच्या माणसाकडे कागद मागतेस?”

“पाद्रीबुवांनी नुसतं भाषांतर केलं,” ती म्हणाली.

तो गेला. पुढच्याच शरदात फ्रान्समध्ये लूस नावाच्या गावाजवळ पडला. त्याच दिवसांत आमच्या बेटावरची किती घरं बसली ते मी सांगत नाही, आमच्याकडे त्याबद्दल अजून कुणी मोठ्याने बोलत नाही. तिकडे त्याला पुरलं की नाही तेही धड कळलं नाही.

मी तेव्हा ग्लासगोला होते, तोफगोळ्यांच्या कारखान्यात. त्याआधी हेरिंग माशांच्या हंगामात बंदराबंदरांवर फिरून मासे चिरायचे आणि मीठ लावायचे, ते काम सोडून गेले होते. ग्लासगोला मी एक गोष्ट पाहिली. पुरुष लढाईवर गेलेले पाहून घरमालकांनी भाडी वाढवली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांनी भाडं द्यायचंच बंद केलं. घर रिकामं करायला कोर्टाचा बेलीफ आला की एकजण घंटा वाजवायची आणि बाकीच्या हातातलं काम टाकून जिन्यात जमायच्या. एकदा त्याच्या टोपीवर अख्खी पिठाची पिशवी रिकामी झाली. शेवटी सरकारला कायदा करून भाडी गोठवावी लागली. बेलीफसुद्धा पळतो, हे मी तिथे शिकले. बेटावर हे कुणाला सांगितलं असतं तर थाप वाटली असती.

लढाई संपली आणि पुरुष परत यायला लागले, तसं कारखान्याने आम्हा बायकांना घरचा रस्ता दाखवला. मी स्टोकलला परतले तेव्हा तापाची साथ येऊन गेली होती. आई त्यात गेली होती. मार्सली एकटीच घरात होती. मूलबाळ नव्हतं. तिचा चेहरा ओढला होता, पण चूल पेटलेली होती.

चुलीचं सांगायला हवं. आमच्याकडे जळण म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा, आम्ही त्यांना पीट म्हणतो. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, झाकताना प्रार्थनेचे चार शब्द म्हणायचे, आणि सकाळी राख बाजूला सारून पुन्हा फुंकायचं. विस्तव विझू द्यायचा नाही. काही घरांत तो पणजोबांच्या वेळेपासूनचा होता. लॉर्डचे लोक घर उठवायला यायचे तेव्हा आधी चुलीवर पाणी ओतायचे, कारण ते केल्यावर माणसं आपोआप उठतात हे त्यांना ठाऊक होतं. साथीत घरंच्या घरं आडवी झाली, उठून चूल झाकायला कुणी उरलं नाही, आणि स्टोकलमधला एकेक विस्तव विझला. नंतर लोकांनी काड्यापेटीने चुली पेटवल्या. मार्सली तापात फणफणत असताना रांगत चुलीपाशी जायची, हे मला शेजारणीने सांगितलं. ती स्वतः कधी बोलली नाही.

परत आलेले पुरुष बदललेले होते. आधी कारभारी रस्त्याने आला की सगळ्यांच्या टोप्या निघायच्या. आता ते लोक खिशात हात घालून उभे राहायचे. “मी जनरलला सलाम केलाय,” नील म्हणायचा, “आता कारभाऱ्याला केला तर जनरलला वाईट वाटेल.” हा नील रुआरीच्या पलटणीतला सार्जंट, त्याच्या जवळचा मित्र. विषारी वायूने त्याची छाती कायमची बिघडली होती, हसला की खोकायचा. मतदानातही तेच झालं. लढाई संपली त्याच वर्षी, १९१८च्या डिसेंबरात, पहिल्यांदा बायकांना मत मिळालं, पण तिशीच्या वरच्या आणि घर सांभाळणाऱ्या बायकांनाच. मार्सलीला मिळालं. मी सत्तावीस वर्षांची आणि भावाच्या घरात राहणारी, म्हणून मला नाही. तोफगोळे भरताना माझं वय कुणी विचारलं नव्हतं. पाद्रीबुवांनी तिला विचारलं, “मग मत कुणाला?” ती म्हणाली, “मतपेटीला सांगितलंय.” ह्याच पाद्रीबुवांच्या मताने आमचं अख्खं बेट इतकी वर्षं मत देत आलं होतं.

मत पडलं, सरकार आलं, शिपायांना जमीन द्यायचा कायदाही झाला. बोर्सालमध्ये मेंढ्याच चरत राहिल्या. नीलने अर्ज केले, बाकीच्यांनी केले, उत्तर एकच यायचं: विचार चालू आहे. शेवटी १९२०च्या मार्चमध्ये पेरणीचे दिवस तोंडावर आले तेव्हा पाच जणांनी ठरवलं, आता आपणच जायचं.

आमच्या जुन्या लोकांचा एक समज होता. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत जर कुणी पडीक जमिनीवर घर उभं केलं, छप्पर घातलं आणि चुलीचा धूर वर काढला, तर त्या जागेवरून त्याला कुणी उठवू शकत नाही. मात्र विस्तव जिवंत चुलीतला हवा. तसा विस्तव आता फक्त आमच्या घरात उरला होता, त्यामुळे नील आणि टॉर्कल आदल्या दिवशी दुपारी आमच्या दारात आले. टॉर्कल म्हणजे आमच्या शेजारचा, चार पोरांचा बाप, आरमारात होता. माणूस वाईट नाही, पण जिथे तिथे घाबरून आधी पैसे मोजणाऱ्यातला.

“वहिनी, उद्या थोडा विस्तव लागेल,” नील म्हणाला.

“कशाला?”

“बोर्सालला घर बांधतोय. आम्ही पाच जण.”

“आणि मी?”

नील टॉर्कलकडे बघत म्हणाला, “तुम्ही विस्तव द्या, वहिनी. बाकीचं आम्ही बघतो. तुम्हाला बटाटे कमी पडणार नाहीत, रुआरीची शपथ.”

“मला कुणाचे बटाटे नकोत. माझ्या चुलीतला निखारा जिथे जाईल तिथे मी जाणार. आणि चूल जिची, तिचा वाटा.”

“वाटे पाच ठरलेत,” टॉर्कल म्हणाला.

“मग काड्यापेटी घेऊन जा. दुकानात मिळते.”

नीलला इतकं हसू आलं की तो खोकत खोकत दाराबाहेर गेला. परत आत आला तेव्हा म्हणाला, “टॉर्कल, सहा.”

सकाळी आम्ही डोंगर चढलो. मार्सलीने लोखंडी भांड्यात निखारे घेतले होते, वर राख, त्यावर झाकण. दुसरं तसंच भांडं माझ्याकडे होतं, एक विझलं तर दुसरं असावं म्हणून. वारा असा की पाय ठरेना. “जरा हळू चाल की, बाई,” मी म्हटलं, “विस्तव पळून नाही जात.” “तू जास्त बोलतेस म्हणून दमतेस, एफी,” ती म्हणाली. पुरुष पुढे गेले होते, किनाऱ्याला वाहून आलेली लाकडं त्यांनी आधीच गोळा करून ठेवली होती. बोर्सालमध्ये आमच्या आजोबांच्या घरांचे पाये अजून गवतात होते, मेंढ्या त्यात वाऱ्याला आडोसा घेऊन बसायच्या. त्यातलाच एक पाया पकडून भिंती वर काढल्या. छपराला जुनं शीड ताणून त्यावर गवताची ढेकळं ठेवली.

लॉर्डच्या मेंढ्यांच्या फार्मवरचा माणूस कुत्रा घेऊन धावत आला. “हा दरोडा आहे! दिवसाढवळ्या दरोडा!”

“दरोडा आजोबांच्या वेळी पडला,” नील शांतपणे म्हणाला. “आम्ही फक्त माल ओळखायला आलोय.”

सूर्य समुद्राला टेकायच्या आत मार्सलीने गुडघ्यांवर बसून निखारे दगडांच्या मधोमध मांडले आणि फुंकर घातली. धूर आधी खालीच घुटमळला, आमच्या डोळ्यांत गेला, मग शिडाच्या फटीतून वर चढला. स्टोकलची म्हातारी माणसं डोंगरमाथ्यावर येऊन बसली होती. त्यांना तो धूर दिसला. तिथून आवाज आला तो ओरडण्याचा नव्हता, ती माणसं रडत होती. आम्हाला सगळ्यांना वाटलं, झालं, जमीन आपली झाली.

अशी चूक फक्त आमचीच माणसं करू शकतात. पुढे कोर्टात नीलने धुराची गोष्ट छातीठोकपणे सांगितली, तेव्हा लॉर्डच्या वकिलाने विचारलं की हा कायदा कोणत्या पुस्तकात आहे. नील म्हणाला, पुस्तकात नाही, सगळ्यांना माहीत आहे. कोर्टात हशा पिकला. पण ते नंतर.

आधी आला बेलीफ, मनाई हुकूम घेऊन. मी पिठाची पिशवी तयार ठेवली होती. मार्सलीने ती माझ्या हातातून काढून घेतली. “पीठ खायचं असतं,” ती म्हणाली. “ग्लासगोचं ग्लासगोला.” बेलीफने उभ्या उभ्या पाच नावं वाचली आणि कागद घडी केला.

“माझं नाव राहिलं,” मार्सली म्हणाली.

त्याने कागद पुन्हा उलगडून पाहिला. “तुमचं नाव नाही ह्यात, बाई. तुम्ही ह्यांच्या स्वयंपाकाला आहात ना?”

“मी ह्या घरात राहते.”

“ते ठीक आहे. हुकूम पुरुषांवर आहे.”

पाचांनी हुकूम मानला नाही. बटाटे लावले, वाढवले, काढले. नोव्हेंबरात कोर्टाने हुकूम मोडल्याबद्दल त्यांना इन्व्हर्नेसच्या तुरुंगात घातलं. चौघांच्या कोटांवर पदकं होती, ती त्यांनी काढली नाहीत. त्यांना गलबतावर चढवताना टॉर्कलची बायको मार्सलीवर ओरडली, “तुझ्या त्या विस्तवाने माझं घर जाळलं!” मार्सलीने ऐकून घेतलं. त्या बाईची चार पोरं होती, आणि थंडी तोंडावर होती. तिच्या जागी मी असते तर उत्तर दिलं असतं.

बेलीफ पुन्हा आला, घर पाडायला. आत आम्ही दोघी.

“घर रिकामं करायचा हुकूम आहे,” तो म्हणाला.

“कुणी रिकामं करायचं?”

त्याने कागदावरची पाच नावं पुन्हा वाचली.

“ह्यातली मी कोण दिसते तुम्हाला?” मार्सली म्हणाली. “नील की टॉर्कल?”

तो दारात टोपी फिरवत उभा राहिला. जुन्या वळणाचा माणूस, नियमाबाहेर पाऊल टाकायचा नाही. कागदात नसलेल्या बाईला कसं उठवायचं हे त्याला कागद सांगत नव्हता. “मी वर विचारतो,” म्हणून तो गेला. वर काय विचारलं आणि काय उत्तर आलं देव जाणे, थंडी संपेपर्यंत कुणी फिरकलं नाही.

तो हिवाळा मी कसा काढला हे मलाच माहीत. जानेवारीच्या वादळात शीड फाटलं आणि गवताची ढेकळं आमच्या अंथरुणावर पडली. पाऊस सरळ चुलीवर. मार्सली चुलीवर ओणवी झाली, स्वतःचा घागरा पसरून, आणि मी बाहेर जाऊन फाटक्या शिडावर दगड ठेवत राहिले. दुपारभर ती तशीच होती. पाठ भिजून बर्फ झाली होती आणि पोटाला-दंडाला चटके बसत होते. “सोड आता,” मी ओरडले, “काड्यापेटी आहे माझ्याकडे!” तिने मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं की मी परत दगड आणायला गेले. तिच्या दंडावर त्या दिवसाचे डाग शेवटपर्यंत होते.

तिकडे शहरांतल्या वर्तमानपत्रांनी बातमी उचलली. पदकं लावलेले शिपाई तुरुंगात, आणि कशासाठी, तर सरकारने कबूल केलेली जमीन मागितली म्हणून. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. कामगार पक्षाची माणसं भाषणांत आमच्या बेटाचं नाव घेऊ लागली, ज्यांना ते नकाशावर सापडलं नसतं. सरकारला लाज वाटली की मतांची भीती वाटली ते मी सांगू शकत नाही. पाच जण सुटून आले, नील आणखी वाळलेला. आणि वसंतात बातमी आली की सरकारच्या शेतकी बोर्डाने लॉर्डकडून बोर्साल विकत घेतलं.

एप्रिलमध्ये बोर्डाचे साहेब आले. प्रिंगल नाव. तरुण, सभ्य, एडिंबरोचे बूट चिखलात रुतलेले. आमच्याच घरात, टेबल म्हणून आडव्या मांडलेल्या जुन्या दारावर त्यांनी नकाशा पसरला. पाच वाटे आखलेले होते.

“सहा,” नील म्हणाला.

“यादीत पाच माजी सैनिक आहेत.”

“सहावी ही.”

प्रिंगलसाहेबांनी मार्सलीकडे पाहिलं, मग सावकाश सांगितलं की कायदा शिपायांसाठी आहे. मूल नाही, घरात पुरुष नाही, बाईमाणूस एवढी जमीन कशी कसणार? जाता जाता त्यांनी सुचवलंही की पाचांतला कुणी अविवाहित असेल तर प्रश्नच मिटतो.

सगळ्यांनी नीलकडे पाहिलं. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. “वहिनी, माझी काही हरकत नाही,” तो पुटपुटला.

“माझी आहे,” मार्सली म्हणाली. “मी जमीन मागितली, नवरा नाही. एक होता, तो चांगला होता.”

नीलने टोपी काढून दारावर उलटी ठेवली. आमच्याकडे वाटे असेच काढतात. प्रत्येकाने आपली एक खूण टाकायची, बटण, शिंपला, काहीही, आणि परक्या माणसाने एकेक उचलायची. “साहेब, ह्यात सहा खुणा पडतील नाही तर एकही पडणार नाही.”

“पेरणी जाईल, नील,” टॉर्कल हळूच म्हणाला. “माझी पोरं...”

“माहीत आहे.”

टॉर्कलला ते पटलं नव्हतं, खूण काही त्याने पुढे केली नाही. प्रिंगलसाहेब माणूस कळकळीचा होता, हे मी मान्य करते. त्यांनी खूप विचार केला आणि मार्ग काढला. रुआरी शिपाई होता. तो पडला तरी शिपाईच. तेव्हा सहावा वाटा रुआरीच्या नावाने लिहू, विधवेने तिथे राहावं, कसावं, कुणी विचारणार नाही. सगळ्यांनी श्वास सोडला. टॉर्कल हसला. माझ्या भावाचं नाव, बोर्सालच्या जमिनीवर! आजोबांच्या पायावर! मला तर वाटलं साहेबांचे हात धरावेत.

“नको,” मार्सली म्हणाली.

कुणाला कळेना ती काय म्हणाली.

“त्याला त्याची जमीन फ्रान्समध्ये मिळाली. ही माझी आहे. माझं नाव लिहा, नाही तर लिहू नका.”

मला आतून आग लागली. वाटलं, ही कोण माझ्या भावाचं नाव पुसणारी? नील म्हणाला, “वहिनी, अहो, एकच गोष्ट आहे ती.” टॉर्कल म्हणाला, “झालं, घातला घोळ!” प्रिंगलसाहेबांचा चेहरा पडला. मग ते माझ्याकडे वळले.

“तुम्ही त्यांच्या बहीण ना? रक्ताच्या वारस. ह्यांना नको असेल तर भावाच्या नावावर तुम्ही घेऊ शकता.”

मार्सली माझ्याकडे बघत नव्हती. ती बाजूला जाऊन चुलीतलं पीट नीट करत होती. मनधरणी केली नाही, काही नाही. मी हो म्हणणार होते. सरळ सांगते, हो अगदी ओठांवर आलं होतं. माझ्या नावाने ह्या जगात एक मासे चिरायचा सुरा सोडून काही नव्हतं. आणि ही जमीन रुआरीच्या नावाने येत होती.

साहेब पेन उघडता उघडता म्हणाले, “म्हणजे सोपंच आहे. आमच्या अहवालाप्रमाणे नोव्हेंबरपासून हे घर रिकामंच होतं, तेव्हा कुणाचा ताबा वगैरे प्रश्न येत नाही.”

“रिकामं?” मी म्हटलं.

“पाच जण तुरुंगात होते ना.”

“रिकामं? मग मी काय भूत होते? हा शिडाला ठिगळांचा ढीग लावलाय तो मेंढ्यांनी शिवला? तिचा दंड बघा, तुमच्या अहवालाने भाजला का तो?” मी बरंच काही बोलले, त्यातलं निम्मं ग्लासगोच्या गल्लीतलं होतं आणि इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, “मला नको. हिचं नाव लिहा. आणि लग्नाचं नको, बापाचं लिहा, आमच्या बायका आपलं नाव थडग्यापर्यंत सोडत नाहीत. मार्सली निकास्किल. लिहा!”

मार्सलीने वळून पाहिलं. पहिल्यांदाच तिला काय बोलावं सुचलं नाही, आणि मला त्याही रागात जरा बरं वाटलं.

मग टॉर्कल उठला. त्याने कोटाचं बटण तोडलं आणि टोपीत टाकलं. “सहा तर सहा,” तो म्हणाला. “माझी बायको मला घरात घेणार नाही, पण सहा.” बाकीच्यांनी टाकलं. मार्सलीने लोकरीची गाठ टाकली. प्रिंगलसाहेबांनी नकाशावर नवी रेघ ओढली, म्हणाले की एडिंबरोला मान्य होईल याची हमी नाही, आणि टोपीत हात घातला. मार्सलीला ओढ्याच्या कडेचा वाटा आला, अर्धा पाणथळ. मान्यता शरदात आली. तोवर तिने त्यात चर खणून पाणी काढलंही होतं.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर आम्ही दोघी बटाटे आणि खारवलेलं हेरिंग खात बसलो. माझा राग गेला नव्हता. तिच्या बाजूने बोलले म्हणून राग जातो असं थोडंच आहे.

“त्याचं नाव राहिलं असतं तर तुझं काय बिघडलं असतं?” मी म्हटलं.

ती खात राहिली. मग म्हणाली, “शाळेत ते म्हणाले, माणसं द्या, जमीन घ्या. असंच ना?”

“हो.”

“आज त्याच्या नावावर घेतली असती, तर सौदा पुरा झाला असता. दिलं, घेतलं, फिटलं. मग मी त्यांच्याकडे रुआरी कोणत्या तोंडाने मागायचा?”

“तो येणार आहे का मागून?”

“नाही येणार.” तिने ताटली खाली ठेवली. “म्हणून फिटू द्यायचं नाही. ही जमीन मी हिवाळाभर बसून घेतली. त्याचं काही त्यांनी अजून दिलेलं नाही, एफी. एक पैसाही नाही. त्याचं देणं त्यांच्या अंगावर तसंच राहू दे.”

रुआरी गेल्याची तार आली तेव्हा मी कारखान्यात पाळीवर होते, आणि मुकादम म्हणाला होता की रडायचं असेल तर जेवणाच्या सुट्टीत रड. सुट्टीत मला रडू आलं नाही, नंतरही इतकी वर्षं आलं नाही. त्या संध्याकाळी आलं. बटाट्याची ताटली मांडीवर तशीच होती. वहिनी उठली नाही, पाठीवर हात फिरवला नाही, उगी म्हणाली नाही. पुरेसं रडून होईपर्यंत माझ्यासमोर नुसती बसून राहिली.